चूल, शेत आणि मिस्सा

बुलढाणा जिल्ह्यातील श्रद्धास्थानांची नावे विचारली तर शेगाव, लोणार आणि सैलानी ही तीन लगेच येतात. ख्रिस्ती माणसांबद्दल विचारले तर जुन्या पिढीला बुलढाण्याचे नाझरीन मिशन आणि खामगावकडचे अलायन्स मिशन आठवते. ही दोन्ही प्रॉटेस्टंट. कॅथलिक कुटुंबे त्याहून विरळ. शेजाऱ्यांच्या लेखी सगळे एकच, ‘ख्रिश्चन’. पोपला मानणारे कोण आणि न मानणारे कोण, हा फरक आठवडी बाजारात कोणी विचारत नाही.

चर्चच्या व्यवस्थेत हा जिल्हा अमरावती धर्मप्रांतात येतो. हा धर्मप्रांत 1955 साली नागपूरपासून वेगळा झाला. 1977 मध्ये त्यातून औरंगाबाद धर्मप्रांत निघाला. उरलेल्या अमरावती धर्मप्रांताचा विस्तार अमरावती महसूल विभागाएवढा, म्हणजे पाच जिल्ह्यांचा आणि सुमारे 46,000 चौरस किलोमीटरचा आहे. इतक्या मोठ्या मुलखात कॅथलिक वस्ती तुरळक असते, तेव्हा अनेक घरांना चर्च शेजारी नसते. फादर रोज दिसत नाहीत. मुलांच्या वर्गात दुसरे कॅथलिक मूल असेलच असे नाही.

वसईशी तुलना केली की हे नीट कळते. वसईत गावोगावी चर्च आहे, वाटेवर क्रूस आहेत, धर्मग्रामाचे सण आहेत. ‘सुवार्ता’ मासिक 1955 पासून निघते आहे आणि कॅथलिकांनी उभारलेली सहकारी बँक 1918 पासून चालू आहे. तिथे श्रद्धा माणसाच्या भोवती असते. एखाद्याने एक रविवार चुकवला तर चार माणसे विचारतात. बुलढाण्याकडच्या गावात असे विचारणारे कोणी नाही. तिथे जे टिकते ते घरातल्या माणसांनी स्वतः टिकवलेले असते. म्हणून कॅथलिक श्रद्धा रोजच्या जगण्यात नेमकी कशी असते हे समजून घ्यायला मला वसईपेक्षा बुलढाणा अधिक उपयोगी वाटतो.

विदर्भात ही श्रद्धा ज्यांनी आणली त्यांच्या नावातच या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. ते फादर संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाने स्थापन झालेल्या मिशनरी संघाचे होते. पीटर मेरमिए या धर्मगुरूने 1838 मध्ये सवॉय प्रांतातील आनसी येथे हा संघ सुरू केला. त्यांची पहिली तुकडी 1846 मध्ये विशाखापट्टणमला पोहोचली. तिथून हे काम कामठी-नागपूरपर्यंत आले. 1870 मध्ये नागपूरला त्याच संताच्या नावाची शाळा निघाली आणि 1887 मध्ये नागपूर धर्मप्रांत झाला. पुढे वऱ्हाड आणि मराठवाड्याकडेही हेच फादर गेले. अमरावतीचे पहिले बिशप जोसेफ रोझारिओ याच संघाचे.

हा फ्रान्सिस द सेल्स कोण? जन्म 1567, मृत्यू 1622. जिनिव्हाचा बिशप, पण जिनिव्हा कॅल्व्हिनच्या अनुयायांच्या हाती असल्याने राहायला आनसीत. तरुण धर्मगुरू असताना लोक प्रवचनाला येईनात, तेव्हा तो आपले म्हणणे कागदावर उतरवून लोकांच्या दाराखालून सरकवत असे. त्यामुळेच 1923 मध्ये त्याला पत्रकार आणि लेखकांचा आश्रयदाता संत ठरवण्यात आले. 1609 साली त्याने भक्तिमय जीवनाविषयी एक पुस्तक लिहिले. नात्यातल्या एका विवाहित बाईला लिहिलेल्या मार्गदर्शनपर पत्रांतून ते तयार झाले होते.

पुस्तकाचा मुख्य मुद्दा त्या काळाला धक्का देणारा होता. खरी भक्ती करायची तर मठात जायला हवे, हा समज तेव्हा पक्का होता. फ्रान्सिसने तो सरळ नाकारला. सैनिकाची भक्ती छावणीत, कारागिराची दुकानात, गृहिणीची घरात. संसारी माणसाने भिक्षूसारखे निर्धन राहायचे ठरवले किंवा कारागीर दिवसभर देवळात बसून राहिला, तर ती भक्ती हास्यास्पद ठरेल, असे त्याचे म्हणणे. ज्याच्या वाट्याला जे काम आले ते नीट, प्रेमाने आणि न चिडता करणे ही त्याची उपासना. सिएनाची संत कॅथरीन बापाच्या घरी स्वयंपाक करत होती, त्याचाही तो कौतुकाने उल्लेख करतो. विठ्ठलाला विटेवर थांबवून आईबापांची सेवा करणारा पुंडलिक ज्या मातीने पाहिला, तिला हा विचार परका वाटायचे कारण नव्हते.

आता दिवस कसा जातो ते पाहू. सकाळी उठल्यावर कपाळ, छाती आणि दोन्ही खांदे यांना बोटे लावून क्रूसाची खूण. मग एक छोटी प्रार्थना, जिच्यात आजचे काम, आजचा त्रास, आजचा आनंद देवाला आधीच अर्पण केलेला असतो. जेवणापूर्वी दोन शब्द. संध्याकाळी शक्य असेल तर घरातल्या सगळ्यांनी मिळून जपमाळ. पाच दशके, प्रत्येक दशकात एकदा प्रभूची प्रार्थना आणि दहा वेळा नमो मारिया. मणी मोजणे हा याचा गाभा नाही. ओठ ओळखीचे शब्द म्हणत असताना मन येशूच्या आयुष्यातल्या एकेका प्रसंगावर राहावे, अशी ती रचना आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 मध्ये येशूच्या जाहीर कार्यावरचे पाच प्रसंग त्यात नव्याने घातले. शेतावरून थकून आलेला माणूस मधेच पेंगतो, मुले चुळबुळतात, एखादे दशक राहून जाते. पण जपमाळेचा महिना मानला जाणारा ऑक्टोबर आला की पुन्हा सगळे नेटाने बसतात.

झोपण्यापूर्वी दिवसाची झडती घ्यावी, यावर फ्रान्सिसचा विशेष भर होता. कोणाला टाकून बोललो का? कोणाचे देणे बुडवले का? कोणाच्या पाठीमागे वाईट बोललो का? त्याच्या पुस्तकात देवाबद्दल जितके आहे तितकेच बोलण्याबद्दल, मैत्रीबद्दल, कपड्यांबद्दल आणि रागाबद्दल आहे. एक सूचना तर खामगावच्या कापूस बाजारासाठीच लिहिली असावी अशी आहे: विकत घेताना स्वतःला विकणाऱ्याच्या जागी ठेवून पाहा आणि विकताना घेणाऱ्याच्या. जो व्यापारी ओलाव्याच्या नावाखाली वजन कापतो आणि जो शेतकरी गाठोड्यात मुद्दाम ओला कापूस घालतो, त्या दोघांनाही हे वाक्य सारखेच लागू आहे. कॅथलिक माणसाने दिवसाला पन्नास वेळा नमो मारिया म्हटले आणि मापात खोट ठेवली, तर त्याच्या जपाला फार किंमत उरत नाही. चर्चची शिकवण याबाबत स्पष्ट आहे: चोरलेले परत केल्याशिवाय चोरीचे प्रायश्चित्त पुरे होत नाही. फादरांकडे पापनिवेदन केले तरी नुकसानभरपाईची जबाबदारी राहतेच.

आठवड्याचा प्रश्न दिवसापेक्षा अवघड आहे. रविवारची मिस्सा, म्हणजे फादरांनी चालवलेली चर्चमधली सामूहिक उपासना, कॅथलिकांना बंधनकारक आहे. शनिवारी संध्याकाळची मिस्साही त्यात धरली जाते. पण चर्च दूर आहे, एसटीची वेळ जुळत नाही, गावचा बाजार नेमका रविवारी भरतो, अशा ठिकाणी काय करायचे? 1983 सालच्या कॅथलिक धर्मविधिसंहितेने, म्हणजे कॅनन लॉने, हा विचार आधीच केला आहे. फादर नसल्यामुळे किंवा दुसऱ्या गंभीर कारणामुळे मिस्सा अशक्य असेल तर भाविकांनी शब्दविधीसाठी, म्हणजे बायबलवाचनाच्या उपासनेसाठी, एकत्र यावे, नाहीतर एकट्याने, कुटुंबात किंवा काही कुटुंबांनी मिळून काही वेळ प्रार्थना करावी, अशी तिची शिफारस आहे. त्यामुळे त्या दिवशीचे बायबलमधले वाचन घरातला कोणी मोठ्याने वाचतो, बाकीचे ऐकतात, आजाऱ्यांसाठी आणि मेलेल्यांसाठी प्रार्थना होते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ मराठी घरांना यासाठी फार मोलाचे आहे. 2020 साली उस्मानाबादला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले हेच दिब्रिटो. त्यांनी धर्मग्रंथ आजच्या मराठीत आणला.

रविवारी कष्टाचे काम टाळावे असाही नियम आहे. मग मृगाचा पाऊस शनिवारी रात्री पडला आणि वाफसा रविवारी सकाळी आला तर? लूकच्या शुभवर्तमानात येशूने विचारले आहे की, तुमचा बैल शब्बाथाच्या दिवशी विहिरीत पडला तर तुम्ही त्याला लगेच बाहेर काढणार नाही का? बैल आणि विहीर दोन्ही दारात असलेल्या माणसाला हे उदाहरण समजावून सांगावे लागत नाही. गरज असेल तेव्हा पेरणी करावी. मात्र रोजचा लोभ म्हणून मजुराचा रविवार हिरावू नये. हा दुसरा भाग लोक सोयीस्कर विसरतात. विश्रांतीचा दिवस मालकापेक्षा मजुरासाठी अधिक आहे.

वर्षाचे सांगायचे तर सगळ्यांत खोल ठसा ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाचा. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लागते तेव्हा शेतात हरभरा-गहू काढणीला आलेला असतो, आणि पवित्र आठवड्यापर्यंत विदर्भाचे ऊन तापलेले असते. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोन दिवस उपास आणि मांसत्याग दोन्ही. त्याशिवाय शुक्रवार हा वर्षभर प्रायश्चित्ताचा दिवस. उपास 18 वर्षे पूर्ण झाल्यापासून 59 वर्षे पूर्ण होईपर्यंत, मांसत्याग 14 वर्षांपासून पुढे. उपास म्हणजे दिवसातून एकच पोटभर जेवण. शेजारच्या एकादशीला साबुदाणा चालतो आणि धान्य चालत नाही, रमजानमध्ये सूर्यास्तापर्यंत पाणीही नाही. कॅथलिक उपासात पदार्थापेक्षा प्रमाणाला महत्त्व आहे. आणि वाचलेले पैसे कोणा गरजूला गेले नाहीत तर तो उपास अर्धाच. येशूच्या डोंगरावरील प्रवचनात दान, प्रार्थना आणि उपास ही तिन्ही एकापाठोपाठ येतात. तिन्हींना एकच अट आहे: लोकांना दाखवण्यासाठी करू नका. फ्रान्सिस द सेल्सने कष्टकऱ्यांसाठी आणखी एक सवलत ठेवली. शरीराला शिस्त लावायला उपास आणि कष्ट दोन्ही उपयोगी. पण काम गरजेचे असेल तर उपासापेक्षा कामाचा भार सोसणे मला पसंत आहे, असे तो म्हणतो. चाळीस अंशांत विटा उचलणाऱ्या बाईला त्याने उपाशी ठेवले नसते.

शेजारधर्म हा या जिल्ह्यातल्या कॅथलिक जीवनाचा खरा कस आहे, आणि त्याचे सर्वांत नाजूक टोक म्हणजे प्रसाद. शेजारच्या काकू शेगावहून आल्या, त्यांनी प्रेमाने प्रसाद हातावर ठेवला. घ्यायचा की नाही? हा प्रश्न दोन हजार वर्षे जुना आहे. करिंथमधल्या ख्रिस्ती लोकांनी संत पौलाला जवळजवळ हाच प्रश्न विचारला होता. मूर्तीपुढे ठेवलेले अन्न खावे का? पौलाचे उत्तर दोन्ही बाजूंनी बांधलेले आहे. देव एकच आहे, त्यामुळे अन्न खाल्ल्याने कोणी देवापासून दूर जात नाही. मात्र जेवणाऱ्याने ते अन्न पूजेचा भाग म्हणून खाऊ नये, आणि आपल्या खाण्याने ज्याची सदसद्विवेकबुद्धी कच्ची आहे असा भाऊ गोंधळणार असेल तर तेही टाळावे. म्हणजे नियम पदार्थाचा नाही, माणसाचा आहे. कॅथलिक घरांमध्ये याबाबत एकमत नाही. काही जण प्रसाद आदराने घेतात आणि खातात, काही नम्रपणे नाही म्हणतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये इतर धर्मांविषयी जे निवेदन काढले, त्यात या धर्मांमध्ये जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, अशी भूमिका घेतली. माझे मत असे की, नाही म्हणायचे असेल तर ते चेहऱ्यावर तुच्छता न आणता म्हणावे. शेजारणीच्या श्रद्धेचा अपमान करून स्वतःची श्रद्धा राखता येत नाही.

त्याच परिषदेने मिस्सा लॅटिनमधून लोकांच्या भाषेत आणण्याची वाट मोकळी केली. 1969 मध्ये भारतीय चर्चला बारा स्थानिक रूढींची परवानगी मिळाली: चपला बाहेर काढणे, जमिनीवर बसणे, हात जोडून नमस्कार, समई, आरती, पंचांग प्रणाम. आज विदर्भातल्या खेड्यात मिस्सा चालू असताना बायका डोक्यावर पदर घेऊन सतरंजीवर बसलेल्या दिसतात, तेव्हा हे काही अलीकडचे नाटक नाही. पूर्वी युरोपीय बाक होते म्हणून लोकांना बाकावर बसवले होते, इतकेच.

लग्नाबाबत लहान समाजाची अडचण उघड आहे. जिल्ह्यात स्थळे किती असणार? त्यामुळे हिंदू किंवा बौद्ध जोडीदार निवडला जातो. अशा लग्नाला बिशपांची सूट लागते. कॅथलिक बाजूने आपली श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांचा स्नानसंस्कार व संगोपन कॅथलिक पद्धतीने व्हावे म्हणून शक्य ते सगळे करीन, असे वचन द्यावे लागते. दुसऱ्या बाजूला त्या वचनाची कल्पना दिली जाते. त्या जोडीदाराला धर्म बदलावा लागत नाही. ही बाब बाहेर फारशी माहीत नाही, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

पश्चिम विदर्भात राहून आणखी एका गोष्टीबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही, ती म्हणजे शेतकऱ्यांच्या आत्महत्या. जुन्या, 1917 सालच्या संहितेनुसार जाणूनबुजून जीव देणाऱ्याला चर्चचा अंत्यविधी नाकारला जाई. 1983 च्या संहितेतून ते कलम गेले. 1992 च्या धर्मशिक्षणग्रंथाने म्हटले की, तीव्र मानसिक त्रास, यातना किंवा भीती यांमुळे अशा माणसाची जबाबदारी कमी होते, आणि त्याच्या तारणाबद्दल आशा सोडू नये. आत्महत्या चूक आहे हे चर्च आजही म्हणते. पण कर्जाने पिचलेल्या माणसाच्या बायकोला दफनभूमीच्या दारात उभे करून जाब विचारण्याचा काळ संपला, हे फार चांगले झाले. तिच्या घरी जाऊन बसणे, पेरणीला हात लावणे, मुलांची फी भरणे, बँकेच्या कागदांसाठी बरोबर जाणे ही कामे कोणत्याही कॅथलिकाला करता येतात. त्यासाठी झगा लागत नाही. आजाऱ्याला भेटणे, भुकेल्याला जेवू घालणे ही दयेची कर्मे मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायापासून चालत आली आहेत. शेवटच्या निवाड्याच्या त्या वर्णनात कोणी किती प्रार्थना म्हटल्या हे विचारलेले नाही.

श्रद्धेची किंमतही मोजावी लागते. विदर्भ आणि मराठवाड्यात अनेक कॅथलिक कुटुंबे दलित समाजातून आलेली आहेत. 10 ऑगस्ट 1950 च्या अनुसूचित जाती आदेशाप्रमाणे हिंदू धर्माबाहेर गेलेल्यांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नव्हता. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात घेतले गेले. ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेरच राहिले. या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी 2022 मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. विहिरीवर, वस्तीत, लग्नाच्या बोलणीत जात ओळखली जातेच; फक्त कागदावर ती पुसली जाते. हा अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. चर्चनेही स्वतःच्या घरातली जात काढून टाकण्याचे काम पुरते केलेले नाही. दफनभूमीत आणि सोयरिकीत ती अजून अनेक ठिकाणी दिसते. मिस्सेत एकाच भाकरीत वाटा घ्यायचा आणि बाहेर वेगळे बसायचे, याला कॅथलिक शिकवणीत कुठेही आधार नाही.

सामान्य संसारी माणसाला संत मानण्यात चर्चने उशीर केला, हेही मान्य करावे लागेल. संतांच्या यादीत शतकानुशतके बिशप, मठवासी आणि हुतात्मे भरलेले होते. घड्याळजी लुई मार्टिन आणि लेस विणून विकणारी त्याची बायको झेली या जोडप्याला 2015 मध्ये एकत्र संतपद मिळाले. पती-पत्नीला एकाच वेळी संत घोषित करण्याची ती पहिली वेळ. त्रावणकोरचा देवसहायम 2022 मध्ये संत झाला. संतपद मिळालेला तो पहिला भारतीय संसारी माणूस. ‘आपल्या शेजारच्या दारात राहणारे संत’ ही कल्पना पोप फ्रान्सिस यांनी 2018 मध्ये मांडली तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे मुले वाढवणारे आईबाप, पोटासाठी राबणारे स्त्री-पुरुष आणि दुखणेकरी होते. ही माणसे देऊळगाव राजात असतात, मेहकरात असतात, मलकापूरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये असतात.

वाचक कॅथलिक नसेल आणि त्याला हे सगळे जवळून पाहावेसे वाटत असेल, तर त्याने कोणाही कॅथलिक शेजाऱ्याबरोबर एका रविवारी मिस्सेला जावे. प्रवेशाला कसलीही अट नाही. मागे बसावे, उभे राहतील तेव्हा उभे राहावे. ख्रिस्तशरीर स्वीकारायला मात्र जाऊ नये, कारण ते श्रद्धा मानणाऱ्या आणि तयारी केलेल्यांसाठीच असते. त्या वेळी जागेवर बसून राहिले तरी कोणी गैर मानत नाही. मिस्सा साधारण तासाभरात संपते. नंतर लोक बाहेर थांबून बोलत असतात, तेव्हा विचारायचे ते विचारावे.